वाटीतली गोळी

त्यांचं नाव मी सांगणार नाही. भीती वगैरे काही नाही. ते अजून ठणठणीत आहेत आणि हे वाचलंच तर शुद्धलेखनाच्या चुका काढून परत पाठवतील, त्यापलीकडे काही करणार नाहीत. पण नाव या गोष्टीवरच त्या माणसाचा भरवसा नव्हता. "नाव म्हणजे वेष्टन. आत काय आहे ते बोला," असं ते म्हणायचे. साबणाबद्दल म्हणायचे, बिस्किटाबद्दल म्हणायचे, निवडणुकीला उभ्या राहिलेल्या माणसाबद्दलही म्हणायचे. आणि मी सांगलीहून नोकरीसाठी पुण्यात आले, वारज्यात त्यांची भाड्याची खोली बघायला गेले, तेव्हा माझ्याबद्दलही म्हणाले. मी आपली घडाघडा नाव, आडनाव, गाव सांगत होते. त्यांनी हात वर केला.

"ते राहू द्या. गीझर किती वेळ चालू ठेवता आणि फोनवर बोलताना आवाज किती असतो, ते सांगा."

मी म्हटलं, "आवाज हाच. याच्यापेक्षा लहान येत नाही."

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "मोठा आहे," म्हणाले, "पण लपवाछपवी नाही. चालेल."

त्यांच्या फ्लॅटला लागून एक खोली आणि एवढंसं स्वयंपाकघर, ते मला मिळालं. दोन घरांच्या मध्ये एक दार होतं. त्याला दोन्ही बाजूंनी कडी होती, आणि दोन्ही बाजूंनी ती कधीच लागली नाही. सकाळी माझा चहा इकडे उकळायचा आणि त्यांचं भांडण तिकडे. मी त्यांना काका म्हणायचे आणि त्यांच्या बायकोला काकू. आता भाडेकरूनं मालकाला काका म्हणावं की नाही, यावरही काकांचं मत होतं, पण काकूंनी "म्हणू दे हो तिला" असं म्हटल्यावर विषय संपला.

काकांचा जन्म एका कारखान्याच्या खरेदी खात्यात गेला होता. नट, बोल्ट, वायसर, ग्रीस. प्रत्येक वस्तूचं माप मागायचं, घटक मागायचे आणि तीन जणांकडून कोटेशन घ्यायचं. निवृत्त झाले, पण खातं काही सुटलं नाही. सत्यनारायणाला त्यांनी तीन गुरुजींकडून कोटेशन मागवलं होतं. त्यातल्या एकानं विचारलं, "आपल्याला पूजा करायची आहे की टेंडर काढायचंय?" काकांना तो माणूस आवडला. त्यालाच बोलावलं. वर पूजा चालू असताना "हा अध्याय जरा लवकर उरकला का?" असंही विचारलं.

न वाचता, न विचारता काही तोंडात घालायचं नाही, हा त्यांचा नियम. लग्नाला गेले की पंगत असो नाहीतर बुफे, आधी वाढप्याची उलटतपासणी.

"यात काय आहे?"

"पनीर आहे, काका."

"ते दिसतंय. तेल कुठलं?"

देवळात प्रसादाचा शिरा हातावर पडला की तो तसाच धरून ठेवायचे आणि विचारायचे, "तूप की वनस्पती?" मागची सगळी रांग खोळंबायची. काकू तोवर दोन पावलं पुढं सरकून अनोळखी बाईसारखं कळसाकडे बघत उभ्या राहायच्या. घरी माझ्या वाढदिवसाला केक आणला तर काकांनी खोक्याची मागची बाजू चष्मा वर करून सबंध वाचली आणि मग म्हणाले, "खाऊ शकता. पण यात अंड्याशिवाय सांगण्यासारखं काही नाही." झालं! माझ्या वाढदिवसाची आरती झाली.

तर असा हा माणूस एकदा जेनेरिक औषधांच्या नादी लागला. कुणीतरी त्यांना सांगितलं, की रक्तदाबाची जी गोळी दुकानात पाच-पंचवीस नावांनी मिळते, तिच्या पोटात एकच औषध असतं. अम्लोडिपिन. नाव वेगळं, पाकीट वेगळं, औषध तेच. काकांचा चेहरा तेव्हा असा उजळला, जसं काही जन्मभर आपण एकटेच जे बोलत होतो ते कुणीतरी छापून आणलं.

"बघा!" ते मला मधल्या दारातून म्हणाले. "मी काय सांगत होतो!"

"मी काय सांगत होतो" हे त्यांचं लाडकं वाक्य. ते त्यांनी रिक्षावाल्याला ऐकवलंय, जावयाला ऐकवलंय, एकदा ज्योतिषालाही ऐकवलंय. मुळात स्वतः कधी काही सांगितलेलं असो वा नसो.

मग काय, सोसायटीत कुणाची धडगत राहिली नाही. लिफ्टमध्ये माणूस सापडला की काका विचारायचे, "प्रेशर आहे? कुठली गोळी?" माणूस बिचारा नाव सांगायचा. काका म्हणायचे, "हे वेष्टन झालं. औषध कुठलं?" माणसाला ते ठाऊक नसायचं. तोवर त्याचा मजला यायचा, पण लिफ्टचं दार काकांच्या चपलेनं अडवलेलं असायचं. लोक जिन्यानं चढायला लागले. काकू म्हणाल्या, "बरंय की. प्रेशर तेवढंच उतरेल."

कुणाला वाटेल, पैसे वाचवायचा सोस असेल. छे! हा गृहस्थ गोळी आणायला वारज्याहून बसनं स्वारगेटला जायचा, तिथं बस बदलून विश्रांतवाडीला जायचा आणि अख्खी सकाळ घालवून घामाघूम होऊन परत यायचा. का, तर जेनेरिकची तीन दुकानं त्यांनी तपासली होती आणि विश्रांतवाडीचा माणूस त्यांना खोका हातात घेऊन सगळं वाचू द्यायचा. "प्रश्न पैशाचा नाही, फसवणुकीचा आहे," ते म्हणायचे. "औषध विकत घ्यावं. नाव कशाला विकत घ्यायचं?"

आमच्या कोपऱ्यावर एक मेडिकल होतं. ते चालवणारे चाचा म्हणजे काकांच्याच वयाचे मुसलमान गृहस्थ. घराणं पिढ्यान्‌पिढ्या पुण्यातलं, आणि जीभ काकांपेक्षाही पुणेरी. काकांनी सुरुवातीला एकदा त्यांच्याकडे जाऊन पाहिलं होतं. मी डोकेदुखीची गोळी घ्यायला तिथंच उभी होते.

"अम्लोडिपिन द्या," काका म्हणाले.

"कुठल्या कंपनीची देऊ?"

"कुठल्याही. मला कंपनीत नोकरी करायची नाहीये."

चाचांनी चष्म्यावरून पाहिलं. "आपण असं करा. घरी खलबत्ता आहे का? मग घरीच करा ना. कंपनीची कटकटच नको."

"आपण नावं विकता."

"आणि आपण नावं ठेवता. दोघांचंही चाललंय. पुढचं गिऱ्हाईक?"

त्या दिवसापासून काका त्या दुकानावरून जाताना रस्ता ओलांडून पलीकडून जायचे. परत येताना पुन्हा ओलांडायचे. चाचा गल्ल्यावरून त्यांना रोज सलाम करायचे, हे त्यातलं सगळ्यात वाईट.

आता खरी गोष्ट. ज्या गोळीवरून एवढं रामायण चाललं होतं ती गोळी घरात घेत कोण होतं? काकू. काकांना काही नव्हतं, निदान त्यांनी कधी तपासलं नव्हतं. काकूंची गोळी ठरलेली. गुलाबी पाकिटातली. त्यांच्या माहेरच्या जुन्या डॉक्टरांनी लिहून दिलेली. डॉक्टर देवाघरी गेले, पण गोळी चालू होती. काकांनी मोठ्या समारंभानं ती बंद केली आणि विश्रांतवाडीची पांढऱ्या पाकिटातली सुरू केली. रोज सकाळी एका स्टीलच्या वाटीत ती एक गोळी काढून, चहाच्या कपाशेजारी ठेवून, ते पेपर घेऊन गॅलरीत जायचे. काम फत्ते.

मी एकदा मधल्या दारातून साखर मागायला गेले, तर काका पेपरात तोंड खुपसून बसलेले आणि काकू त्या वाटीतली गोळी गॅलरीच्या दुसऱ्या टोकाच्या जास्वंदीच्या कुंडीत बोटानं खोल दाबत होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, बोटाची माती झटकली, आत आल्या आणि साबुदाण्याच्या डब्यात हात घालून गुलाबी पाकीट काढलं. त्यातली एक गोळी घेतली. वर घोटभर पाणी.

"काकू, अहो!"

"ओरडू नकोस. तुझा आवाज आधीच कोटेशनमध्ये नोंदलाय."

"पण औषध तेच असतं म्हणतात ना दोन्हीत?"

"असेल. जास्वंदीचं प्रेशर उत्तम आहे बघ, रोज फूल देते."

मला हसू आवरेना. पण त्या हसल्या नाहीत. मला साखर देत म्हणाल्या, "माझी आई माहीत नाही ना तुला? बोलायला तुझ्यासारखीच होती, तोंडाचा पट्टा. प्रेशरकडे लक्ष दिलं नाही, एक दिवस अर्धांग गेलं. मग पलंगावर नुसती डोळे उघडे ठेवून पडून असायची. पाणी हवं का, ते पण डोळ्यांनी. मी केलंय तिचं सगळं. ती गेल्यावर डॉक्टरांनी माझं प्रेशर बघितलं आणि ही गोळी दिली. म्हणाले, ही सोडायची नाही, ही घेशील तर तुझं तसं होणार नाही. मी नाही सोडणार. मला असं पडून राहायचं नाही. आणि यांना सांगशील तर खबरदार, मग तर मलाच अध्याय वाचून दाखवतील."

मी नाही सांगितलं. बायकांचं आपसातलं होतं ते, आणि साबुदाण्याच्या डब्याला हात लावायची काकांवर वेळ येत नव्हती, कारण उपास त्यांचा नसायचा.

सगळं सुरळीत चाललं असतं. पण आमच्या सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर एक निवृत्त मास्तर राहायचे. गणेशोत्सवाच्या मीटिंगमध्ये काका मूर्तीची तीन कोटेशनं सोडून मध्येच जेनेरिकवर घसरले, तेव्हा मास्तर म्हणाले, "एवढी चांगली आहे तर आधी घरच्यांना द्या की. आम्हांला कशाला?"

"देतोय!" काका ताडकन उठले. "आमच्या घरात कधीपासून हीच चालू आहे!"

"मग दाखवा प्रेशर किती आहे वहिनींचं. सगळ्यांसमोर."

झालं. रविवार ठरला. पार्किंगमध्ये टेबल, खुर्च्या, प्रेशर मोजायचं मशीन आणि मागाहून पोहे. काकांनी नोटीसबोर्डावर लावलं, 'प्रत्यक्ष प्रयोग. सर्वांनी यावे. पोह्यांत शेंगदाणा तेल.'

पण खरेदी खात्यातला माणूस तो. रविवारी माल तपासला जाणार, तर आधी आपल्या बाजूनं त्रुटी राहायला नको. त्यांना वाटलं, ही गडबडीत एखाद वेळी गोळी विसरत असेल. म्हणून ते पेपर घेऊन गॅलरीत जायच्या आधी तिथंच उभे राहायला लागले. एका हातात वाटी, एका हातात पाण्याचा पेला. "घे. माझ्यासमोर घे." काकू काय करणार? जास्वंद लांब, नवरा जवळ. गिळायच्या. आणि काका गॅलरीत गेले, की साबुदाण्याचा डबा उघडून आपली खरी गोळीही घ्यायच्या. कारण त्यांच्या हिशेबी पांढऱ्या पाकिटातली ती नवऱ्याची हौस होती. औषध त्यांनी अजून घेतलंच नव्हतं.

हे मला तेव्हा कळलं नाही. दिसलं एवढंच, की काकूंची चप्पल पायात जाईना. पाय सुजले होते. "वय झालं," म्हणाल्या. भाजी निवडताना मध्येच हात कपाळाला लावून बसायच्या. "ऊन," म्हणाल्या. आमच्याकडे बायका आजारी पडत नाहीत, त्यांना ऊन लागतं, नाहीतर वय होतं.

रविवारी सगळी सोसायटी जमली. काका इस्त्रीच्या शर्टात. आधी मास्तरांचं मोजलं. जास्तच निघालं. काका सभेकडे वळून म्हणाले, "गृहस्थ महागड्या नावाची गोळी खातात." मास्तर लाल झाले, म्हणजे प्रेशर आणखी वाढलं असणार. मग काकू बसल्या. पट्टा बांधला. मशीन घुर्र घुर्र करून फुगलं, सुटलं, आकडा आला. वरचं शंभराच्याही खाली.

काकांनी तो आकडा पाहिला आणि त्यांचा आवाज चिरकला. "वाचा! मास्तर, तुम्हीच वाचा! मोठ्यानं वाचा!"

मास्तरांनी वाचला. टाळ्या पडल्या. काही शहाणी माणसं कुजबुजली, की हे जरा जास्तच खाली आहे. पण टाळ्यांपुढं कोण ऐकतो? काका दोन्ही हात पसरून म्हणाले, "ही जेनेरिकची ताकद आहे! वेष्टन नाही, जाहिरात नाही, मी काय सांगत होतो..."

काकू पोह्यांकडे बघायला म्हणून उठल्या. उभ्या राहिल्या, "अगं बाई" म्हणाल्या आणि हळूच, कुणी पदर ओढल्यासारख्या, खाली बसल्या. खुर्चीत नव्हे, फरशीवर. डोळे मिटले. मास्तरांनी मान धरली म्हणून डोकं आपटलं नाही.

काकांचे हात अजून तसेच पसरलेले होते. तो चेहरा मी विसरणार नाही. मला त्या माणसाचा असा संताप आला होता की विचारू नका, आणि तरी मीच जाऊन त्यांचे हात खाली केले. म्हटलं, "काका, रिक्षा बोलवा. ओरडा आता हवं तेवढं."

पलीकडच्या चौकात एक डॉक्टरीणबाई होत्या, वयानं माझ्याएवढ्याच. त्यांनी काकूंना आडवं करून पाय उशीवर ठेवले, पुन्हा प्रेशर मोजलं, कार्डिओग्राम काढला. काकू शुद्धीवर होत्या, नुसत्या पांढऱ्याफटक पडल्या होत्या. आणि माझ्या मनगटाला त्यांनी जे घट्ट धरलं होतं त्यावरून मला कळलं, की त्यांच्या डोळ्यांपुढं त्यांची आई आहे. "बोलता येतंय ना मला? तोंड वाकडं नाही ना झालं?" एवढंच पुन्हापुन्हा विचारत होत्या.

"तोंड सरळ आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "तसलं काही झालेलं नाही. प्रेशर फार उतरलंय. गोळ्या कुठल्या चालू आहेत?"

काकांनी शर्टच्या खिशातून पांढरं पाकीट काढून टेबलावर ठेवलं. तेवढ्यात काकूंनी माझं मनगट सोडलं, कमरेची चंची उघडली आणि त्या दिवसापुरतं डब्यातून हलवलेलं गुलाबी पाकीट काढून त्याच्या शेजारी ठेवलं.

डॉक्टरीणबाईंनी दोन्ही उलटून वाचली. "या दोन्ही घेता? रोज?"

"ती यांच्यासमोर घेते," काकू म्हणाल्या. "मग हे पेपर घेऊन गेले की माझी घेते."

"पण आजी, हे दोन्ही एकच औषध आहे. तेच, तेवढंच. तुम्ही रोज दुप्पट डोस घेताय."

मी काकांकडे पाहिलं. आता येणार ते वाक्य. जन्मभर ज्याच्यासाठी भांडले ते डॉक्टरच्या तोंडून, तेही साक्षीदारासमोर सिद्ध झालं होतं. मी मनात ठरवूनच टाकलं होतं, की आत्ता जर हा माणूस 'मी काय सांगत होतो' म्हणाला, तर खोली सोडायची. डिपॉझिट गेलं खड्ड्यात.

पण ते तसं म्हणाले नाहीत. मग फार हळू विचारलं, "दोन कशाला घेतल्यास गं?"

"तुमची तुमच्या समाधानासाठी. माझी, मी आईसारखी पडून राहू नये म्हणून."

"हे मला कधी सांगितलं नाहीस."

"तुम्ही विचारलंत कधी?" काकूंच्या डोळ्यांतून पाणी आलं, पण आवाज तोच, खडखडीत. "तुम्ही विचारलंत ते पाकिटावर काय लिहिलंय."

काका खाली बसले. डॉक्टरीणबाईंना त्यांचा रंग काही बरा दिसेना. त्यांनी तोच पट्टा सोडवून काकांच्या दंडाला बांधला. सबंध सोसायटीचे दंड आवळणाऱ्या या माणसानं स्वतःचा दंड कधी आवळला नव्हता. आकडा मास्तरांच्याही वर निघाला.

"हे आज घाबरल्यामुळं असेल, पुन्हा बघू," त्या म्हणाल्या. दोन-चारदा बोलावलं, पुन्हा पुन्हा मोजलं, दर वेळी आकडा वरच. शेवटी कागद पुढं ओढून त्यांनी काकांना गोळी लिहून दिली. अम्लोडिपिन. काकूंची होती तीच आणि तेवढीच. काकूंना मात्र पहिल्याच दिवशी बजावलं होतं, की एकच घ्यायची, कुठलीही घ्या, पण एक.

त्या रविवारी संध्याकाळी मी ऑफिसच्या डब्याला भाजी आणायला म्हणून खाली उतरले, तर काका कोपऱ्यावर उभे. रस्ता ओलांडायच्या जागी. पण ओलांडला नाही. सरळ चाचांच्या मेडिकलच्या पायरीवर चढले. मी मागं थांबले.

चाचांनी सलाम केला. काकांनी मान हलवली.

"अम्लो..." काकांनी सुरुवात केली, आणि थांबले. मग त्या गुलाबी पाकिटावरचं नाव उच्चारलं. कंपनीचं ठेवलेलं, जाहिरातीतलं, सबंध नाव. त्या माणसाच्या तोंडून एखाद्या मालाचं नाव बाहेर पडलेलं मी पहिल्यांदाच ऐकलं. एखादी शिवी पहिल्यांदा देणाऱ्या माणसासारखा त्यांचा चेहरा झाला होता.

चाचा इतके दिवस या क्षणाची वाट बघत असणार. मला वाटलं, आता काढतात खलबत्ता. पण त्यांनी काकांकडे नीट पाहिलं, पाकीट काढलं आणि विचारलं, "भाभींची तब्येत कशी आहे आता?"

"बरी आहे," काका म्हणाले. "बोलतेय."

"मग काळजी नाही," चाचा म्हणाले. "ज्या दिवशी बोलणार नाहीत त्या दिवशी मला उठवा, कधीही."

घरी येऊन काकांनी ते पाकीट काकूंच्या उशाशी ठेवलं. काकूंनी उचलून पाहिलं. मधलं दार उघडंच होतं, मी काही कान लावले नव्हते.

"हे कुठून?"

"कोपऱ्यावरून."

"तीन कोटेशनं घेतलीत का?"

"नाही," काका म्हणाले. "आणि उद्यापासून माझ्यादेखत एक गिळ, दुसरी घेऊ नकोस, हात जोडतो."

तेव्हापासून गोळ्यांचं खातं काकूंकडे गेलं. सकाळी दोन कप, दोन वाट्या. काकूंच्या वाटीत गुलाबी पाकिटातली, काकांच्या वाटीत विश्रांतवाडीची. पाकिटातून काढली की दोन्ही सारख्याच, पांढऱ्या, बारीक, ओळखू न येणाऱ्या. स्वतःसाठी काका अजूनही दोन बसगाड्या बदलून जायचे. तत्त्व ते तत्त्व. लिफ्टमध्ये मात्र प्रश्न बदलला होता. "प्रेशर आहे?" आणि मग, "गोळी घरात कोण देतं?" असं विचारायचे. लोक पुन्हा लिफ्टनं जायला लागले.

पुढं माझी बदली झाली आणि खोली सोडायची वेळ आली. जायच्या आधी काही दिवस सकाळी मी त्यांच्याकडेच चहाला बसायचे. एकदा काका अंघोळीला गेलेले, काकू वाट्या भरत होत्या. बघते तर गुलाबी पाकिटातली गोळी त्यांनी काकांच्या वाटीत टाकली आणि विश्रांतवाडीची स्वतः उचलली.

"काकू, उलट झालं."

"काही उलट नाही."

"अहो, ती तुमची!"

"हळू बोल." त्यांनी न्हाणीघराच्या दाराकडे पाहिलं. "त्यांचं प्रेशर माझ्यापेक्षा जास्त आहे. उद्या ते पडले पलंगावर आणि नुसते बघत राहिले माझ्याकडे, तर काय करू मी? त्या माणसाला न बोलता ठेवायचं म्हणजे... खरी गोळी त्यांनाच हवी."

"आणि तुम्हांला?"

"मला काय, डॉक्टरीण म्हणालीच की, दोन्ही एकच आहेत म्हणून."

मी त्यांच्या गळ्यात पडले आणि त्या "चहा सांडेल" म्हणाल्या.

निघायच्या दिवशी सामान टेंपोत चढलं. काका खाली आले, दोरीच्या गाठी तपासल्या, टेंपोवाल्याला त्यानं आणखी कुणाचं भाडं घेतलंय का ते विचारलं. मग माझ्याकडे वळले. मला राहवेना. इतका चौकस माणूस. बोल्टचा अर्धा आटा कमी असला तरी बोटानं ओळखायचा. त्याला खरंच पत्ता नसेल?

"काका," मी विचारलं, "तुम्ही गोळी कुठली घेता हो आता?"

त्यांनी वर गॅलरीकडे पाहिलं. काकू जास्वंदीला पाणी घालत होत्या.

"वाटीत असते ती," काका म्हणाले.

"म्हणजे कुठली? वाचून नाही बघत?"

"नाही," ते म्हणाले, आणि टेंपोची फळी लावायला लागले.